बुडबुड्यांनीं चढविलेलें पाणी

पाण्याचा स्वभाव खालीं जाण्याचा आणि माणसाची गरज बहुधा वर. हा विरोध सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत जितका उघड्यावर आलेला आहे तितका महाराष्ट्रांत इतरत्र क्वचितच आढळेल. महाबळेश्वरीं वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस शें-सवाशें किलोमीटरांवर माण तालुक्यांत पोहोंचेपर्यंत तोच पाऊस पांचशें मिलिमीटरांच्या घरांत येतो, आणि तेवढाही दरसाल पडेलच असा भरंवसा कोणी देत नाहीं. पश्चिमेच्या पावसाचें पाणी घेऊन कृष्णा, कोयना व वारणा या नद्या निघून जातात. खटाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हे तालुके त्यांच्या पूर्वेस, कांहीं पठारावर तर कांहीं डोंगराच्या रांगेपलीकडे पडले आहेत. नदी जवळ आहे, परंतु ती खालीं आहे. आणि खालचें पाणी वर कसें न्यावें हा येथील शेतकऱ्याचा पिढ्यान् पिढ्यांचा प्रश्न आहे.

१९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. पण कागदावरच्या या रेघेनें पाण्याच्या कथेचे दोन तुकडे झाले नाहींत. त्या मोठ्या कथेंतील एक लहानसें प्रकरण, म्हणजे नळींत खालून हवा सोडून तिच्या बुडबुड्यांच्या बळावर पाणी चढविण्याची युक्ति, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ही युक्ति दिसावयास पोरखेळासारखी आहे. परंतु तिनें पाणी किती उंच चढतें, आणि ती उंची वाढवावयाची तर काय करावें लागतें, याचा विचार करूं लागलें म्हणजे मोटेपासून टेंभूच्या योजनेपर्यंतचा सारा इतिहास त्यांत ओढला जातो.

प्रारंभ मोटेपासूनच केला पाहिजे. साताऱ्याजवळ लिंब गांवच्या शिवारांत बारामोटेची विहीर म्हणून प्रसिद्ध असलेली एक विहीर आहे. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या काळांत, शाहू महाराजांच्या कारकीर्दींत वीरूबाई भोसले यांनीं ती बांधविली. विहीर अष्टकोनी असून खोली सुमारें ११० फूट व व्यास सुमारें ५० फूट आहे. तिच्या पोटांतच एक लहानसा महाल आहे. पंधरा मोटा जोडण्याची सोय असून एका वेळीं बारा चालत असें सांगतात, व तें पाणी भोंवतालच्या आमराईस जाई. पाहुणे महाल पाहतात, दगडांतील वाघ-सिंह पाहतात आणि परततात. आम्हांस विशेष वाटतें तें निराळेंच. ज्या बाईस खोल विहिरीचें पाणी मोठ्या प्रमाणावर वर आणावयाचें होतें तिनें मोट मोठी केली नाहीं. मोटांची संख्या वाढविली. मोटेचें सामर्थ्य आणि मोटेची मर्यादा या एका गोष्टींत आली.

मोटेस उंचीची हद्द अशी नाहीं. विहीर जितकी खोल तितका नाडा लांब, आणि जितका नाडा लांब तितकी बैलांची धाव लांब. खोली दुप्पट झाली कीं धाव दुप्पट होते, बैल तितकेच पाय ओढतात, आणि ताशीं मोटा निम्म्या निघतात. पाणी थारोळ्यांत पडतें तें पडतेंच. फक्त उशिरा पडतें. दुष्काळांत विहिरीचें पाणी दहा हात खालीं गेलें तर मोटकरी नाड्यास दहा हातांची जोड देई व त्या दिवशीं कमी वाफे भिजत. म्हणजे पाणी खालीं गेलें म्हणून यंत्र बंद पडलें, असें मोटेच्या बाबतींत विहिरींत पाणी असेतोंवर घडत नसे. हा तिचा गुण मागून आलेल्या एकाही सुधारलेल्या यंत्रास पुरतेपणीं साधलेला नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण पुढें बुडबुड्यांची परीक्षा आम्हांस याच कसोटीवर घ्यावयाची आहे.

पंप आला आणि ही हद्द प्रथमच जाणवली. या प्रांतांत पंपाचा इतिहास किर्लोस्करवाडीच्या इतिहासाशीं जोडलेला आहे. बेळगांवास आपल्या कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांस औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडलजवळ जागा दिली, आणि १९१० सालीं निवडुंगानें भरलेल्या त्या माळावर वसाहत उभी राहिली. नांगरापासून सुरू झालेला हा कारखाना १९२६ च्या सुमारास पाणी उपसण्याचे पंप करूं लागला. यंत्राच्या पोटांत पात्यांचें चाक वेगानें फिरतें, तें पाण्यास बाहेर फेंकतें, आणि रिकाम्या झालेल्या जागेंत खालचें पाणी ओढलें जातें, अशी त्याची रचना. तेलाच्या इंजिनाशीं पट्ट्यानें जोडलेला असा एक पंप आला म्हणजे कृष्णाकांठच्या शेतकऱ्याची चार-सहा मोटांची उठाठेव एका दमांत संपे. नदीच्या दरडीवर इंजिनाचा आवाज घुमूं लागला आणि त्याच्या मागोमाग ऊंस आला. उपसा सिंचनाच्या सहकारी संस्था आल्या, साखर कारखाने आले. कांठच्या कांहीं जमिनी अति पाण्यानें खारावल्या तें मागाहून.

परंतु "ओढणें" या शब्दांत एक फसवणूक आहे. पंप पाणी ओढीत नाहीं. तो नळींतील हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरींतील पाण्यास नळींत वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीस सुमारें ३४ फूट उंचीच्या पाण्याचा भार तोलूं शकतो, त्याहून अधिक नाहीं. चोषणाच्या पंपानें पाणी एका ठराविक उंचीपलीकडे येत नाहीं ही गोष्ट गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत नमूद केली, आणि १६४३ सालीं त्याचा शिष्य टॉरिचेल्ली यानें पाऱ्याच्या नळीवर तिचें कारण उघड केलें. आपल्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशें मीटर वर, हवेचा दाब मुळांतच थोडा कमी. त्यांतून नळीचें घर्षण व सांध्यांतील गळती वजा जातां प्रत्यक्षांत वीस-बावीस फुटांवर समाधान मानावें लागतें. नदीच्या कांठीं हें चालून जातें. साठ फूट खोल विहिरींत तें कसें चालावें? म्हणून लोकांनीं विहिरीच्या कडेला आंत खोबण काढून पंप पाण्याजवळ खालीं उतरविला, आणि तेथून तो पाणी वर ढकलूं लागला. उन्हाळ्यांत पाणी आणखी खालीं गेलें कीं पंप आणखी खालीं. पावसाळ्यांत विहीर भरूं लागली कीं तोच पंप रात्रींतून वर काढण्याची धांवपळ. ज्यांनीं हें काम केलें आहे त्यांस "सुधारलेलें यंत्र" या शब्दांचा अर्थ निराळा सांगावयास नको.

१९७२ च्या दुष्काळानें हा डावही संपविला. विहिरींनीं तळ दाखविला आणि लोक विंधनविहिरींकडे, म्हणजे आजच्या बोलींत बोअरकडे, वळले. चार-सहा इंच व्यासाच्या भोंकांत मोट जात नाहीं, बैलाची धाव तेथें निरुपयोगी आणि माणूस उतरण्याचा प्रश्नच नाहीं. मग दीडशें-दोनशें फुटांवरचें पाणी वर आणावें कसें?

मौज अशी कीं, बोअर खोदणारें यंत्रच याचें एक उत्तर वाजतगाजत दाखवीत होतें. तामिळनाडूंतील तिरुचेंगोडच्या गाड्या साऱ्या देशभर बोअर मारीत हिंडतात. त्यांच्या कांबीच्या टोकाशीं हातोडा असतो व तो दाबलेल्या हवेनें चालतो. खडकाचा भुगा त्याच हवेबरोबर वर उडतो, आणि पाण्याची शीर लागली कीं पाणीही त्याच हवेबरोबर फवारा होऊन झाडाइतकें उंच उसळतें. त्या क्षणीं पाणाड्याची मान ताठ होते, नारळ फुटतो, आणि किती इंच पाणी लागलें याची चर्चा सुरू होते. आमच्या मतें या देखाव्यानें जितके शेतकरी फसले असतील तितके कोणत्याही पाणाड्यानें फसविले नसतील. तो फवारा खडकाच्या भेगांत सांचलेल्या जुन्या पाण्याचा आणि गाडीवरील प्रचंड कॉम्प्रेसरच्या जोराचा असतो. रोजच्या रोज त्या भेगांत नवें पाणी किती येणार, हें तो सांगत नाहीं.

तरी पण तत्त्व खरें होतें, व जुनेंही होतें. जर्मनींतील फ्रायबेर्ग हें खाणींचें गांव. तेथील कार्ल लोशर यानें १७९७ सालीं हवेच्या योगानें पाणी चढविण्याची ही युक्ति प्रसिद्ध केली. आपल्याकडे त्या वेळीं दुसरा बाजीराव नुकताच गादीवर आला होता. पुढें अमेरिकेंत तेलाच्या व पाण्याच्या खोल विहिरींवर तिचा उपयोग झाला आणि १८९२ सालीं जुलियस पोले यानें तिचें एक व्यवहारोपयोगी रूप पेटंट केलें. आपल्याकडील शेतकरी तिला नुसतें "कॉम्प्रेसर" म्हणतो. बोअरवर लहानसा कॉम्प्रेसर, त्यापासून खालीं गेलेली हवेची बारीक नळी, आणि पाणी वर आणणारी दुसरी नळी. बोअरमध्यें फिरणारा, झिजणारा, जळणारा असा एकही भाग नाहीं. पाण्याबरोबर वाळू आली तरी बिघडत नाहीं. बोअर वांकडा असला तरी चालतें. पाणी अर्धा तास संपलें तर विजेची मोटर जळण्याची भीति नाहीं. आणि एकाच कॉम्प्रेसरवर आळीपाळीनें दोन-तीन बोअर चालवितां येतात. गरिबाच्या यंत्रास जे गुण हवेत ते बहुतेक यांत आहेत.

हें यंत्र चालतें कसें? हवा पाण्यास खालून धक्का देऊन वर फेंकते असा सर्वसाधारण समज आहे. तो बराचसा चुकीचा आहे. येथें काम करतो तो तराजू. इंग्रजी यू अक्षरासारखी वांकडी नळी डोळ्यांपुढें आणावी. तिच्या एका बाजूस बोअरमधील स्वच्छ, जड पाणी उभें आहे. दुसऱ्या बाजूस, म्हणजे आपल्या नळींत, पाणी व हवा यांचें मिश्रण आहे आणि तें हलकें आहे. दोन्ही बाजूंचा भार सारखा होण्यासाठीं हलक्या मिश्रणाचा खांब जड पाण्याच्या खांबाहून उंच व्हावा लागतो. ती उंची नळीच्या तोंडाहून अधिक झाली कीं पाणी बाहेर पडतें. म्हणून पाणी वर ढकलणारें बळ बाहेर उभ्या असलेल्या पाण्याचें असतें. हवा फक्त पलीकडचें पारडें हलकें करते.

एवढें समजलें म्हणजे उंचीचा हिशेब कोणाही वाचकास घरीं करतां येईल. समजा, नळी दोनशें फूट खोल सोडली आहे आणि उपसा चालू असतां पाण्याची पातळी जमिनीखालीं ऐंशीं फुटांवर आहे. नळीचे १२० फूट पाण्यांत बुडालेले आहेत व ऐंशीं फूट पाणी चढवावयाचें आहे. बाहेरचा १२० फुटांचा खांब आंतला दोनशें फुटांचा खांब तोलणार. तेव्हां मिश्रणाचें वजन पाण्याच्या शेंकडा साठ असलें पाहिजे. म्हणजे नळींत शंभर भागांत चाळीस भाग हवा हवी. घर्षणासाठीं थोडी अधिक सोडली कीं काम सुरळीत होतें. आतां उन्हाळा आला आणि पातळी ऐंशीं फुटांवरून १४० फुटांवर गेली असें समजा. नळी तीच, बोअर तोच. बुडालेली लांबी साठ फूट राहिली आणि चढ १४० फूट झाला. आतां साठ फुटांच्या खांबानें दोनशें फूट तोलावयाचे, म्हणजे मिश्रणांत शंभरांत सत्तर भाग हवा पाहिजे. आणि येथेंच हें यंत्र हात टेंकतें. इतकी हवा नळींत कोंबली कीं बुडबुडे सुटे राहत नाहींत. ते एकमेकांत मिसळतात, मधोमध हवेचा सलग झोत तयार होतो, आणि पाणी नळीच्या भिंतीस ओल्या कापडासारखें चिकटून राहतें. वर तोंडाशीं फुसफुस ऐकूं येते, थोडा तुषार उडतो, आणि विजेचें मीटर मात्र फिरत राहतें.

उंची वाढविण्याचे जे प्रयत्न झाले ते या अडचणीभोंवतींच फिरत आले आहेत. अधिक हवा सोडावी हा पहिला, सर्वांस सुचणारा उपाय; तो एका मर्यादेपर्यंतच लागू पडतो व पुढें उलटतो. नळीच्या रुंदीचा उपाय अधिक विचाराचा आहे. नळीची सारी रुंदी व्यापणारा मोठा बुडबुडा स्थिर पाण्यांतून किती वेगानें निसटून वर जातो याचें गणित डेव्हीस व टेलर या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९५० सालीं मांडलें. दोन इंची नळींत हा वेग सेकंदाला सुमारें पाव मीटर येतो, आणि आठ इंची नळींत त्याच्या दुप्पट. बुडबुड्याचें हें निसटणें म्हणजे शुद्ध नुकसान, कारण पाण्यास बरोबर न घेतां तो एकटाच वर जातो. म्हणून काचेच्या मत्स्यपेटींत बोटाहून बारीक नळी इतकें सुरेख काम करते. त्या नळींत बुडबुडा बुचासारखा बसतो आणि आपल्या डोक्यावरील पाण्याची गुटी उचलूनच वर येतो. पण नळी फार बारीक केली तर भिंतीचें घर्षण वाढतें. निसटणें व घर्षण या दोन नुकसानींचा मेळ कोठें बसवावा हें १९६३ सालीं ऑस्ट्रेलियांतील निक्लिन यानें पद्धतशीर दाखविलें, आणि त्यानंतरची बरीचशी सुधारणा त्याच वाटेनें झालेली आहे. रुंद नळी घ्यावीच लागली तर हवा एका भोंकानें न सोडतां पुष्कळ बारीक भोंकांनीं सोडतात, म्हणजे बुडबुडे लहान होतात व लहान बुडबुडे सावकाश निसटतात.

आणखी एक गोष्ट नळीच्या आंतच घडत असते. १२० फूट पाण्याखालीं जन्मलेला बुडबुडा वर येईपर्यंत त्याच्यावरील दाब उतरत जातो व तो फुगत फुगत सुमारें साडेचारपट होतो. खालीं जी हवा बेतशीर होती ती वर आल्यावर जागा मावेनाशी होऊन पाण्याला धांवडवते. म्हणून लांब चढ असेल तेथें नळी वरच्या भागांत थोडी थोडी रुंद करीत नेण्याची पद्धत आहे. अशा सर्व उपायांनीं थोडा थोडा लाभ होतो. निष्णात कारागीर लांब चढासाठीं शेंकडा चाळीस बुडालेल्या लांबीवरही भागवून नेतो, जेथें सामान्य माणसास साठ-सत्तर लागतात. परंतु बुडालेल्या लांबीची जागा यांपैकीं एकही उपाय घेऊं शकत नाहीं.

खर्चाविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवावयास, यंत्र निर्दोष मानलें तरी, विजेचें पाव युनिटाहून थोडें अधिक लागतेंच. तो निसर्गाचा कर आहे. बुडबुड्यांच्या यंत्रांत कॉम्प्रेसरच्या उष्णतेंत गेलेली, निसटून गेलेली आणि घर्षणांत जिरलेली शक्ति धरली तर याच कामास त्याच्या कित्येक पट वीज जाते. बोअरमध्यें सोडावयाची बंद मोटर स्वस्त झाल्यावर कॉम्प्रेसर मागें पडला तो याच कारणानें. जेथें पाणी थोडें, खंडून खंडून येणारें, वाळूमिश्रित, तेथें तो टिकला. म्हणजे दुष्काळी तालुके हेंच त्याचें घर. आणि तेथेंच त्याची बुडती लांबी वर्षावर्षानें घटत गेली.

या यंत्राचा सर्वांत क्रूर स्वभाव येथें दिसतो. दोनशें फुटांच्या आमच्या उदाहरणांत १२० फूट नळी बुडालेली असतां हवेस सुमारें ५२ पौंडांचा दाब लागतो; साठच फूट उरले कीं २६ पौंड पुरतात. दुष्काळ वाढत जातो तसतसा कॉम्प्रेसरवरील कांटा उतरत जातो आणि यंत्र अधिकाधिक हलकें चालूं लागतें. नवखा मनुष्य म्हणेल, छान चाललें आहे. जाणता शेतकरी उतरता कांटा पाहतो आणि मनांतल्या मनांत उरलेले दिवस मोजतो. मोटेच्या नाड्यास दहा हात जोडतां येत होते. येथें नळीस दहा हात जोडावयाचे तर बोअरच दहा हात अधिक खोल हवा, व त्या वाढीव खोलींतही पाणी उभें असलें पाहिजे. म्हणून दोनशेंचा बोअर चारशें करण्यासाठीं कर्ज काढलें जातें. पाणी तेथें मिळेल या आशेनें तर खरेंच, पण नळी बुडावयास जागा व्हावी म्हणूनही. शेजारी तेंच करतो आणि दोघांचीही पातळी आणखी खालीं जाते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानें साठ मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध घातले ते या शर्यतीस आळा घालण्यासाठींच. पण तहानेच्या वेळीं कायद्याचें पुस्तक कोण उघडून पाहतो?

खडकाचाही येथें विचार करावयास हवा. या दोन्ही जिल्ह्यांखालीं साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हाचे थर एकावर एक पसरलेले आहेत. काळ्या पाषाणांत पाणी जवळ जवळ नाहींच; तें राहतें मुरमांत, भेगांत, आणि लाव्हा थिजतांना त्यांतील वायूच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र झालेल्या थरांत. पुष्कळ ठिकाणीं तीं छिद्रेंही मागाहून पांढऱ्या खनिजानें बुजून गेलीं. विहीर खोदणारे अशा खडकास मांजऱ्या म्हणतात. तेव्हां खोल जावें तसें पाणी अधिक, हा हिशेब वाळूच्या प्रदेशांतला. आपल्याकडे खोल जावें तसा पुष्कळदां नुसता खडकच अधिक.

एका चढांत होत नाहीं तें दोन चढांत करावें, ही सूचना येथें कोणीही करील, आणि ती शास्त्रज्ञांनींही केलेली आहे. बुडबुड्यांच्या यंत्रांत मात्र ती महाग पडते. पहिल्या टप्प्याचें पाणी वर आल्यावर पुन्हा चढवावयाचें तर तेथें पुन्हा तितकीच खोल विहीर पाहिजे, कारण दुसरी नळीही कोठें तरी बुडाली पाहिजे. ढकलणाऱ्या पंपास तशी अट नाहीं. त्यास पायथ्याशीं एक हौद पुरतो. आणि टप्प्यांची हीच रीत शेवटीं कृष्णाकांठीं मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा सिंचन योजनांनीं कृष्णेचें पाणी उचलून दुष्काळी पठाराकडे नेलें. टेंभू हें कराड तालुक्यांतील गोपाळ गणेश आगरकरांचें जन्मगांव. तेथें नदीवर बंधारा घालून पाणी पांच टप्प्यांत चढविण्याची योजना १९९६ सालीं मंजूर झाली. लिंबच्या विहिरीवर एका खोलीस बारा मोटा होत्या. येथें एका उंचीस पांच पायऱ्या झाल्या.

यांत एक गंमत अशी कीं, याच सातारा जिल्ह्यांत कोयनेचें पाणी अडवून तें बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे चारशें मीटरांहून अधिक खालीं पाडण्यांत येतें, व १९६२ पासून त्यावर वीज निघते. पश्चिमेस पाणी खालीं सोडून मिळविलेली वीज राज्याच्या तारांतून फिरते आणि पूर्वेस पाणी वर चढविण्याच्या कामीं येते. हा व्यवहार शहाणपणाचा कीं नाहीं यावर जाणत्यांत मतभेद आहेत. पंपांच्या विजेचें देणें थकलें म्हणून भरल्या नदीकांठीं यंत्रें बंद राहिल्याचे प्रसंग आले आहेत, एवढें मात्र सर्वांच्या स्मरणांत आहे.

शिवाय चढलेलें पाणी कोणास, हा प्रश्न राहतोच, आणि तो पंपानें सुटत नाहीं. आटपाडीस १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर व त्यांचे सहकारी यांनीं पाणी परिषदा भरविल्या त्या याच प्रश्नावर. मागणी अशी कीं, पाणी जमिनीच्या मापानें न वांटतां प्रत्येक कुटुंबास समान मिळावें. ज्याची जमीन नाहीं त्यालाही त्याचा वांटा असावा. नदीकांठच्या ऊंसाचा अनुभव ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ही मागणी अतिरेकी वाटूं नये. बोअरमध्यें ज्याची नळी अधिक खोल त्याचें पाणी, हा निसर्गाचा न्याय झाला. पाटाच्या पाण्यासही तोच लावावयाचा असेल तर पांच टप्पे बांधण्याचा खटाटोप कशास?

या योजनांचें पाणी तलावांत व ओढ्यांत सुटतें तेव्हां त्याचा एक भाग मुरमांतून झिरपून आसपासच्या विहिरी-बोअरांत उतरतो. पाटाचें पाणी ज्याच्या शेतापर्यंत पोहोंचलेलें नाहीं त्यासही तें अशा रीतीनें कधीं कधीं भेटतें. जुना कॉम्प्रेसर अजून ज्याच्या बोअरवर आहे त्यास ही वार्ता पाटकऱ्याच्या आधीं यंत्राकडूनच कळते. एके सकाळीं कॉम्प्रेसर सुरू केला कीं तो नेहमींपेक्षां जड चालूं लागतो, कांटा तीसच्या पुढें सरकतो, हवेस खालीं पुन्हा पाण्याचा भार लागूं लागतो, आणि थोड्या वेळानें नळीच्या तोंडाशीं फुसफुस थांबून पाण्याची पहिली गुटी बाहेर पडते.